पालथे पात्र

ज्यांनी कोणाच्याही हातचे अन्न हीन मानले नाही, त्या भगवान तथागतांना प्रथम वंदन. त्यांनी सांगितलेल्या धम्माला वंदन, आणि तो धम्म अनवाणी पायांनी दारोदार पोहोचविणाऱ्या संघाला वंदन. आज आश्विन पौर्णिमा. वर्षावासाचे तीन महिने आज पूर्ण झाले. ज्यांनी हे महिने एका विहारात एकत्र घालविले, ते भिक्खू आज एकमेकांसमोर उकिडवे बसतात, हात जोडतात आणि आपल्यात कोणाला काही दोष दिसला, ऐकू आला किंवा त्याची शंका आली असेल, तर तो करुणेने सांगावा अशी विनंती करतात. या विधीला प्रवारणा म्हणतात. मी गृहस्थ आहे, संघाच्या त्या रांगेत बसण्याचा मला अधिकार नाही. शिवाय माझा दोष ज्यांनी पाहिला त्यांच्यापैकी आज कोणीही हयात नाही. म्हणून तो मीच लिहून ठेवतो. सूनबाईंनी सकाळी खीर केली, नातीने खिडकीत मेणबत्त्या मांडल्या, आणि सीवूड्सच्या या सहाव्या मजल्यावर मी वही उघडून बसलो आहे. आठवणींच्या या वहीत आजवर हे प्रकरण लिहायचे मी दोन वेळा टाळले.

आमचे घर तुर्भ्याला, दगडखाणींच्या पायथ्याशी होते. पत्र्याची एक खोली आणि वडिलांनी रजेच्या दिवशी स्वतःच्या हाताने जोडलेली पडवी, एवढाच त्याचा विस्तार. दुपारी खाणीत सुरुंग उडत. त्याआधी भोंगा वाजे, आणि भोंगा वाजला की आई चुलीवरच्या पातेल्यावर झाकण ठेवी, कारण धडाका झाला की पत्र्यावर साचलेली धूळ आत झरत असे. खडी फोडणाऱ्या क्रशरची घरघर दिवसभर इतकी अखंड चाले की ती थांबली म्हणजे आम्ही दचकत असू. वडील पलीकडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात होते. पहिली पाळी करून ते घरी येत तेव्हा त्यांच्या कपड्यांना रंगाच्या पिंपांचा वास असे. आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून ते भिंतीवरच्या दोन तसबिरींसमोर बसत. एक तसबीर तथागतांची. दुसरी, ज्या महामानवाने आमच्या मागच्या पिढीला ही वाट दाखविली त्यांची. मेणबत्ती लागे, उदबत्ती लागे, आणि वडील, आई व आम्ही भावंडे त्रिशरण-पंचशील म्हणत असू. आईचा स्वर वरचा होता. क्रशरच्या आवाजातूनही तो गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाई. त्यानंतर ज्वारीची भाकरी, सुकटीची चटणी आणि असला तर पातीचा कांदा. आज माझ्या ताटात पाच पदार्थ असतात, आणि वैद्यांनी त्यांतले तीन वर्ज्य सांगितले आहेत.

शाळेत संस्कृत घेणारा वस्तीतला मी पहिलाच मुलगा. संस्कृत घेतले त्या दिवशी वडिलांनी कारखान्यात पेढे वाटले. आपल्या आजोबांच्या कानावर जी भाषा पडणे निषिद्ध होते ती आपला मुलगा मोठ्याने म्हणतो, याचा त्यांना किती अभिमान होता हे मला फार उशिरा उमगले. ते मला ‘पंडित’ म्हणू लागले. ‘पंडित, जेवायला या. पंडित, रॉकेल संपलंय, रांगेत उभे राहा.’ त्यांच्या तोंडी ती थट्टा होती. मी मात्र तिला पदवी समजलो. कॉलेजात संस्कृतबरोबर पाली आली, ग्रंथालयातले विनयाचे, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांचे, खंड हाती आले, आणि एकोणिसाव्या वर्षी माझी अशी खात्री झाली की वस्तीत बुद्धधम्म खऱ्या अर्थाने मलाच कळतो. बाकीचे केवळ मेणबत्त्या लावतात.

द्रुपदामावशी आमच्या समोरच्या ओळीत राहत. त्या आईच्या गावाकडच्या, साताऱ्याच्या. नवरा खाणीतच गेला, मूलबाळ नव्हते. क्रशरवर पाट्या वाहून त्यांची बोटे इतकी राठ झाली होती की तांदूळ निवडताना त्यांना खडा हाताला लागत नसे, तो डोळ्यांनीच शोधावा लागे. आई दवाखान्यात होती तेव्हा धाकट्या बहिणीला आणि मला दोन महिने त्यांनीच जेवू घातले. विहारातल्या प्रत्येक कार्यक्रमाची खीर त्यांच्या हातची असे. मोठ्या पातेल्यातला तांदूळ तळाशी न लागू देता घोटणे हे वस्तीत त्यांनाच जमे, आणि हे एकच काम असे होते की ज्यासाठी लोक त्यांना बोलवायला येत. एरवी विधवा, निपुत्रिक, पाटीवाल्या बाईला कोण बोलावते? महिला मंडळाच्या शेवंताबाई फर्मावीत, ‘द्रुपदे, पौर्णिमेला सकाळी सहाला ये. उशीर केलास तर मी घोटीन, मग लोक मला शिव्या देतील.’ मावशी हसत आणि साडेपाचलाच चूल पेटवीत.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या विहारात श्रामणेर शिबिर भरले. श्रामणेर म्हणजे नवशिका भिक्खू. दहा दिवसांसाठी डोके भादरायचे, काषाय चीवर घ्यायचे, दहा शीले पाळायची, दुपारी बारानंतर अन्न घ्यायचे नाही, आणि दहाव्या दिवशी चीवर परत करून पुन्हा गृहस्थ व्हायचे. आम्ही अकरा जण होतो. भिक्षापात्रे विकत आणणे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून वस्तीतून अॅल्युमिनियमची पातेली गोळा करून त्यांना काळा रंग दिला होता. चीवरांच्या कडा महिला मंडळाने शिवल्या. शिबिर चालवायला नागपूरकडचे एक वयोवृद्ध भंतेजी आले होते. त्यांना आम्ही मोठे भंतेजी म्हणत असू. ते मितभाषी होते, आणि बोलत तेव्हा प्रवचनात शुद्ध व एरवी वऱ्हाडीत बोलत.

चीवर अंगावर आल्याच्या पहिल्या दिवशी माझी आई विहारात आली, आणि रीतीप्रमाणे तिने जमिनीवर डोके टेकवून मला तीन वेळा वंदन केले. माझे पाय मागे सरकले. मोठ्या भंतेजींनी नंतर आम्हाला सांगितले, ‘ते वंदन तुम्हाले नाही, चीवराले आहे. हे दहा दिवस ध्यानात ठेवा.’ मी ते लिहूनही घेतले. परंतु दोन दिवसांत मला ते वंदन आवडू लागले. जे मला नावाने हाक मारीत ते आता ‘भंतेजी’ म्हणत. माझ्याच गल्लीतून आम्ही रांगेने निघालो की नळावरच्या बायका हंडे खाली ठेवून हात जोडीत. रांगेत माझ्यामागे गौतम नावाचा ट्रकचालक श्रामणेर होता, चाळिशीचा. तो हळूच म्हणाला, ‘पंडित, छाती जरा आत घ्या. चीवर फाटंल.’ मी त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही.

भिक्षेला जाताना दृष्टी चार हातांपलीकडे टाकायची नाही, कोणाच्या घरात डोकावायचे नाही, जे पात्रात पडेल ते निमूट घ्यायचे, असा नियम. सहाव्या दिवशी सकाळी आमची रांग द्रुपदामावशींच्या दारात आली. मावशी आंघोळ करून, धुवट लुगडे नेसून उंबऱ्यात उभ्या होत्या. हातात वाफाळणाऱ्या भाताचे पातेले होते, आणि त्यांनी बहुधा पहाटेपासून काही खाल्ले नव्हते. माझ्या पुढच्या चौघांना त्यांनी भात वाढला. माझी पाळी आली तेव्हा मी मान वर केली आणि त्यांच्या खांद्यावरून आत पाहिले.

आत फळीवर त्याच दोन तसबिरी होत्या. त्यांच्या खाली तंबाखूची एक चपटी डबी उघडी होती, आणि तिच्यात देवीचा टाक होता. पितळेच्या बोटभर पत्र्यावर ठोकून उठविलेली मूर्ती, जशी पूर्वी घरोघर देव्हाऱ्यात असे. त्याच्यावर ताजी हळद होती.

आजच्या वाचकाला यात काय एवढे असे वाटेल, म्हणून सांगतो. दीक्षा घेताना आमच्या वाडवडिलांनी जुने देव मानणार नाही, पुजणार नाही अशी शपथ घेतली होती. गावोगाव लोकांनी टोपल्या भरभरून देव नदीत सोडले होते. ते सोडणे म्हणजे शतकांचा अपमान सोडणे होते, आणि म्हणून कोणाच्या घरात लपविलेला देव सापडणे ही आमच्या वस्तीत चोरीपेक्षा मोठी गोष्ट होती. मला त्या क्षणी विनयातील एक प्रकरण आठवले. जो उपासक संघाला पीडा देतो, बुद्ध-धम्म-संघाची निंदा करतो, त्याच्यासाठी संघ आपले पात्र पालथे घालतो, म्हणजे त्याच्या घरची भिक्षा नाकारतो. हे मी दोनच महिन्यांपूर्वी वाचले होते आणि वस्तीत दुसऱ्या कोणालाही ते ठाऊक नव्हते. मी माझे पात्र उलटे केले. आधीच्या घरांचा भात आणि एक भाकरी खाली मातीत पडली. मावशींचा डाव हवेत तसाच राहिला.

‘या घरात देवी पुजली जाते,’ मी म्हणालो. ‘येथील दान संघाला वर्ज्य आहे.’

मौनाचा नियमही मी मोडला होता. मावशी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, रागाने नव्हे. लहानपणी मला ताप यायचा तेव्हा कपाळावर हात ठेवून त्या जशा पाहत, तशाच काहीशा. मग त्यांनी वाकून मातीतली भाकरी उचलली, ती पदराने पुसली, आणि दार लोटून घेतले.

वस्तीत बातमी पसरायला किती वेळ लागतो? दुपारी शेवंताबाई विहाराच्या ओट्यावर जाहीरपणे म्हणाल्या, ‘समाप्तीची खीर आता मीच करीन. तिच्या हातचं कोण खाणार, सांगा. आमी इथं बावीस शपथा घेऊन बसलोय आणि ही डबीत देवी पाळते.’ संध्याकाळी आई आली. तिने मला तीन वेळा वंदन केले, गुडघ्यांवर बसूनच हात जोडले आणि म्हणाली, ‘भंतेजी, एक विचारू का?’

मी मान हलविली.

‘द्रुपदाच्या भाताला काय वास येत हुता का?’

मी तिला विनयातील प्रकरण सांगितले. पालीतील दोन वाक्येही म्हणून दाखविली. तिने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, ‘साधू, साधू’ म्हटले आणि उठून गेली. चीवरातल्या मुलाला आईने रागावू नये अशी रीत होती, आणि आईने रीत मोडली नाही.

मोठ्या भंतेजींनी मला रात्रीच्या ध्यानानंतर थांबवून घेतले असते तर कदाचित सर्वांच्या नजरेआड सुटलो असतो. त्यांनी ते दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व श्रामणेरांसमोर केले. ‘काहून बाबू, पात्र पालथं घालनं कोनत्या ग्रंथात वाचलं तुनं?’ मी ग्रंथ सांगितला, खंड सांगितला. ‘आन कारनं किती दिली हायेत?’ मी म्हणालो, आठ. ‘म्हन.’ मी आठही म्हटली. प्रत्येक कारण म्हणताना मला पुढचे दिसत होते. संघाचे नुकसान करणे, संघाला राहू न देणे, भिक्खूंत भांडण लावणे, त्रिरत्नांची निंदा करणे. ‘त्यातलं कोनतं त्या बाईनं केलं?’ त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. ‘आन पात्र पालथं घालाचा निर्नय एकटा भिक्खू घेऊ शकते का संघ घेते?’ मी म्हणालो, संघ. ‘आन तू तर भिक्खूही नोहस. तू सहा दिवसांचा श्रामनेर.’ मागून गौतमने खाकरून घसा साफ केला. भंतेजी आपल्या प्रवचनाच्या भाषेवर आले. ‘तिच्या घरात काय आहे ते तिला विचारायला आपण गेलो असतो. बसून समजावले असते. समजली नसती तरी तिचा भात खाल्ला असता. आत्ताच्या आत्ता जा. तिच्या दारात, जितक्या लोकांसमोर तू पात्र पालथे केलेस तितक्या लोकांसमोर, ते सुलटे धर आणि तिची क्षमा माग.’

मी निघालो तेव्हा दहा वाजून गेले होते. वाटेत वाक्य जुळवीत होतो. ‘मावशी, माझ्याकडून अपराध घडला. मला क्षमा करा आणि माझ्या पात्रात भिक्षा घाला.’ साधे वाक्य होते. नळावर पाच-सहा बायका होत्या, शेवंताबाईही होत्या, आणि मी मावशींच्या दाराकडे वळलो तशा त्या हंडे सोडून मागोमाग आल्या. मी दारात उभा राहिलो. पात्र सुलटे होते. मावशी बाहेर आल्या. मी तोंड उघडण्याआधीच त्या खाली बसल्या आणि त्यांनी माझ्या पायांपुढे डोके टेकले.

‘चुकलं माझं, भंतेजी. पदरात घ्या. मी काय तिला पुजत न्हाई. माझ्या आईनं ठेवली हुती. गावानं समदे देव नदीत सोडले, तवा तिनं ही एकच जोंधळ्याच्या कनगीत लपवली. मरताना माझ्या हातावर ठिवली. म्हनली, देव म्हनून नगं, माझी म्हनून ठेव. आईच्या दिसाला हळद लावते, यवढंच. परवा तिचा दिस हुता.’

बायका पाहत होत्या. माझे वाक्य माझ्या जिभेवर होते. त्या वेळी मी ते उच्चारले असते, तर हे प्रकरण लिहिण्याची वेळ आली नसती. परंतु त्या क्षमा मागत होत्या, मी चीवरात होतो, आणि समोर जमलेल्या सगळ्यांना जे व्हायला हवे होते तेच होत होते. मी उजवा हात वर केला आणि म्हणालो, ‘सुखी व्हा.’

शेवंताबाई म्हणाल्या, ‘झालं तर मग. द्रुपदे, ऊठ आता. समाप्तीच्या खिरीला तांदूळ तूच निवड.’ मावशी उठल्या, आत गेल्या, आणि चिंधीत बांधलेली ती डबी घेऊन आल्या. ‘ही तुमीच न्या, भंतेजी. पान्यात सोडा. माझ्या हातनं सोडवत न्हाई.’ असे म्हणून त्यांनी ती माझ्या पात्रात ठेवली. ज्या पात्राने त्यांचा भात नाकारला होता त्या पात्राने ती डबी घेतली. मी पात्र छातीशी धरले आणि वळलो.

पाणी म्हणजे खाडी, हे मलाही कळत होते. परंतु खाडी महामार्गाच्या आणि कारखान्यांच्या पलीकडे होती. जाऊन येऊन तास-दीड तास तरी लागला असता. मी कारखान्यांच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन चढले होते, डांबर अनवाणी पायांना भाजत होते. तेवढ्यात मागे विहाराची घंटा ऐकू आली. ती अकराची, भोजनाची घंटा होती. बारानंतर अन्न नाही. त्या दिवसाची माझी भिक्षाही झालेली नव्हती, आणि उशीर झाला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उपाशी राहावे लागले असते. रस्त्याकडेला कारखान्यांचा नाला वाहत होता, त्या दिवशी त्याचे पाणी निळसर होते. मी इकडे तिकडे पाहिले, चिंधीसकट डबी त्यात टाकली, आणि परत फिरलो. ती बुडाली की फेसावर तरंगत राहिली, हेही मी पाहिले नाही.

विहारात पंगत बसली होती. मोठ्या भंतेजींनी विचारले, ‘क्षमा?’ मी म्हणालो, ‘क्षमायाचना झाली, भंते.’ संस्कृत शिकलेल्या मनुष्याला कर्ता लपविणे सोपे असते. याचना कोणी केली हे मी सांगितले नाही, त्यांनी विचारले नाही. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी स्वतःच्या पात्रातील अर्धी पोळी माझ्या पात्रात ठेवली, आणि मी जेवलो.

दहाव्या दिवशी समाप्तीची खीर मावशींनीच केली. वक्त्यांनी भाषणात वस्तीतील तरुण विद्वानाचा गौरव केला, त्याने एका भगिनीला अंधश्रद्धेतून मुक्त केले म्हणून. टाळ्या झाल्या. मावशी पातेल्याजवळ उभ्या राहून सर्वांबरोबर टाळ्या वाजवीत होत्या. चीवर उतरवून मी घरी आलो तेव्हा आईने भाकरी वाढली. ती म्हणाली, ‘आता बोलू शकते तुला. पन काय बोलू?’ आणि बोलली नाही. वडिलांनी त्यानंतर मला कधी पंडित म्हटले नाही. त्यांनी ठरवून सोडले की ते आपोआप सुटले, मी कधी विचारले नाही. पुढच्या वर्षी मावशी भावाच्या मुलीकडे घणसोलीला राहायला गेल्या.

मी पुढे प्राध्यापक झालो. पालीचे वर्ग घेतले, विहारांतून प्रवचने दिली, शीलावर बोललो. लोकांनी मला नम्र म्हटले. त्याचे कारण मला फार वर्षांनी कळले. मोठे भंतेजी नागपुरात निवर्तले, त्यांच्या पुण्यानुमोदनाला मी गेलो. तेथे त्यांचे एक शिष्य भिक्खू मला भेटले आणि हात हातात घेऊन म्हणाले, ‘तुर्भ्याचे ते श्रामणेर तुम्हीच ना? भंतेजी प्रत्येक शिबिरात तुमची गोष्ट सांगत. विद्येचा अहंकार असलेला मुलगा सर्वांसमोर एका मजूर बाईपुढे नमला, म्हणत. आम्ही सगळे त्या गोष्टीवरच वाढलो.’

त्याच आठवड्यात मी घणसोली गावात मावशींचे घर शोधीत गेलो. उंच इमारतींच्या मधोमध ते जुने गाव असे दडले आहे की दोन घरांमधून आडवे होऊन जावे लागते. आगरी मालकाच्या घरामागे भाड्याची खोली होती. भाची कामावर गेली होती. मावशी खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू होता, तरी आवाजावरून त्यांनी ओळखले. मला वाटले होते, त्या पूर्वीसारखे नावाने, ‘मिलिंदा’ म्हणतील. त्या म्हणाल्या, ‘बसा, भंतेजी.’

‘मी आता भंतेजी नाही, मावशी. केव्हाच नाही.’

‘मग सर म्हनू का? भाची सांगती, तुमी कालिजात सर हाय.’

‘मावशी, मी क्षमा मागायला आलो आहे. त्या दिवशी मागायची होती, ती मी मागितली नाही. भंतेजींनी मला तुमची माफी मागायला पाठवले होते. तुम्ही आधी वाकलात, आणि मी तुम्हाला वाकू दिले.’

त्यांचा लसूण सोलणारा हात थांबला नाही. ‘ठाव हाय मला. तुमच्या आईनं सांगितलं हुतं, तुमाला कशापायी धाडलं ते. मी वाट बगितली थोडे दिस.’ त्यांनी एक पाकळी वाटीत टाकली. ‘मग म्हनलं, पोरगं हाय, लाजलं आसंल.’ थोड्या वेळाने त्यांनी मान माझ्या दिशेने वळविली. ‘येक सांगा. कुठं सोडलीत तिला?’

या प्रश्नाची मला कल्पना नव्हती. इतकी वर्षे त्यांनी तो जवळ ठेवला होता हे मला त्या क्षणी कळले. ‘खाडीत’ हा शब्द ओठांवर आला होता. परंतु मी पुन्हा असत्य बोलायचे नाही असे ठरवून आलो होतो, चौथ्या शीलाचे स्मरण करून आलो होतो. मी म्हणालो, ‘नाल्यात, मावशी. कारखान्यांच्या नाल्यात. खाडीपर्यंत गेलो नाही.’

‘का?’

‘जेवणाची घंटा झाली होती.’

बाहेर कोणीतरी बादली आपटली. मग त्यांनी विचारले, ‘मग जेवलात का येळेवर?’

‘जेवलो.’

‘काय हुतं?’

मला आठवत होते. ते आठवत नाही असे म्हणण्याचीही मला सोय नव्हती. ‘वांग्याची भाजी, पोळी, वरणभात.’

त्यांनी मान हलविली, जणू एखादा हिशेब जुळला. वाटी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले, आणि अगदी सरळ, दुःखाने किंवा रागाने नव्हे, म्हणाल्या, ‘खोटं बोलला आसता, तर तिला खाडी तरी मिळाली आसती.’

मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत आणि माझ्या डोक्यावर हातही ठेवला नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ‘उठा. भाची यील आता, तिला काय सांगायचं?’ मी उठलो. त्यानंतर त्या दोन वर्षे होत्या. मी तीन-चार वेळा गेलो, फळे नेली, त्यांनी ती घेतली. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. सत्य बोलून मी त्या दिवशी माझे शील राखले. त्याचे मोल त्यांच्याकडून घेतले, जसे पूर्वी पात्र पालथे करून घेतले होते. त्या दिवशी मी काय म्हणायला हवे होते याचे उत्तर मी इतक्या ग्रंथांत शोधले. मला ते मिळालेले नाही, आणि मिळाले नाही हे लिहिण्यावाचून आज माझ्याजवळ दुसरी प्रवारणा नाही.

ज्या वाचकाने हे येथवर वाचले, त्याने माझा दोष करुणेने पाहिला असे मी समजतो. त्याच्या घरी अन्न शिजत राहो, आणि ते वाढणारा हात कधी हवेत तसाच न राहो. त्याच्या मुलांना विद्या मिळो, आणि विद्येआधी मान खाली घालण्याची बुद्धी मिळो. त्याच्या घरातील वृद्धांनी जे काही जपून ठेवले असेल, ते का ठेवले हे विचारायला कोणीतरी त्यांच्याजवळ बसो. त्या घरातील सर्व प्राणिमात्रांचे, लहानांचे, थोरांचे, दारात येणाऱ्यांचे आणि दारातून परत गेलेल्यांचेही मंगल होवो.